जिनिव्याची जागा आणि आमची मोजदाद

[निर्मळ येथें तळ्याच्या कांठीं शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण]



तहाचा कागद तुमच्या मुलखाला नवा नाहीं. येथून वसई ती किती लांब? सकाळीं निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला घरीं परत येतो. त्याच वसईंत ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला. त्यांत असें कलम आहे कीं, इंग्रजांचें पायदळ पेशव्याकडे कायमचें राहील आणि तें सहा हजारांहून कमी असणार नाहीं. त्याच्या खर्चासाठीं सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा. ‘कमी नाहीं’ एवढे दोन शब्द पाहा. खालची हद्द लिहिली, वरची लिहिलीच नाहीं. पुढें सोळा वर्षांत पेशवाई बुडाली. ज्यांच्या शेतांतून ते सव्वीस लाख निघावयाचे होते, त्यांना मात्र हा कागद कोणी वाचूनहि दाखविला नसेल.

मला आज ज्या तहाबद्दल बोलावयाचें आहे, तो येथून फार दूर, फ्रान्स देशांत व्हर्साय येथें २८ जून १९१९ रोजीं झाला. पहिलें महायुद्ध संपलें होतें. जिंकलेल्यांच्या पंगतींत हिंदुस्थानालाहि बसविलें होतें. हिंदुस्थानतर्फे सही कोणीं केली? भारतमंत्री मॉन्टेग्यू यांनीं आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनीं. एक साहेब आणि एक राजा! तिसऱ्या कोणाची सही शोधूं नका.

त्या तहाचा तेरावा भाग कामकऱ्यांविषयीं आहे. त्यानें आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निर्माण केली. तिच्या परिषदेला प्रत्येक देशानें चार प्रतिनिधि पाठवावयाचे: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामकऱ्यांचा. आणि एरवींचा कारभार पाहण्यास चोवीस जणांचें नियामक मंडळ. त्यांत बारा सरकारांचे, सहा मालकांचे, सहा कामकऱ्यांचे. येथवर सगळें सरळ आहे. मेख पुढें आहे. त्या बारा सरकारी जागांपैकीं आठ जागांना निवडणूकच नाहीं. कलम ३९३ असें सांगतें कीं, ज्या देशांचें औद्योगिक महत्त्व प्रमुख आहे अशा आठांनीं त्या जागा भरावयाच्या. उरलेल्या चार जागांसाठीं बाकीच्या देशांच्या प्रतिनिधींनीं मतें द्यावयाचीं. प्रमुख कोण याबद्दल तंटा पडला तर राष्ट्रसंघाच्या कौन्सिलानें निकाल द्यावयाचा.

आतां ‘महत्त्व’ हा शब्द कोणत्या तागडींत घालून तोलावा? तुमचीं केळीं मुंबईच्या बाजारांत जातात. केळें भरलेलें असलें तर व्यापारी नगावर मागतो, बारीक असलें तर वजनावर मागतो. माल तोच, शेतकरी तोच. माप बदललें कीं पैसा बदलला. जगाच्या बाजारांतहि तसेंच आहे.

परिषदेची तयारी करणाऱ्या समितीनें सात मापें काढलीं. उद्योगांत गुंतलेल्या माणसांची एकूण संख्या; लोकसंख्येशीं त्या संख्येचें प्रमाण; यंत्रांची एकूण अश्वशक्ति; दरडोई अश्वशक्ति; आगगाडीच्या रस्त्याची एकूण लांबी; मुलखाच्या विस्ताराच्या मानानें ती लांबी; आणि व्यापारी जहाजें. नीट ऐकलेंत ना? तीच वस्तु दोन दोनदां मोजली आहे. एकदां सबंध आणि एकदां भागाकार करून. ज्या देशांत खाणारीं तोंडें पुष्कळ आणि यंत्रें थोडीं, तो देश भागाकारांत बुडणारच. आणि अश्वशक्तीचें माप लावलें म्हणजे मागावर बसलेला विणकर, चाकावरचा कुंभार, घाण्याचा तेली, भात्यापुढचा लोहार यांची किंमत शून्य! त्याच्या खांद्याला जोर आहे, पण तो घोड्यांत मोजत नाहींत.

व्हायचें तेंच झालें. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें पहिली परिषद भरली तेव्हां आठांच्या यादींत स्वित्झर्लंड होतें, हिंदुस्थान नव्हतें. अमेरिकेसाठीं जागा धरली होती. पण अमेरिका संघटनेंत आलीच नाहीं, तेव्हां तिच्या जागीं डेन्मार्क बसला. हिंदुस्थानच्या प्रतिनिधींनीं तक्रार केली आणि तंटा राष्ट्रसंघाच्या कौन्सिलापुढें गेला. तीन वर्षें घासाघीस होऊन १९२२ च्या सप्टेंबरांत निकाल लागला. नवे आठ असे: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, बेल्जम, जपान, कॅनडा आणि हिंदुस्थान. स्वित्झर्लंड व डेन्मार्क उठले, कॅनडा व हिंदुस्थान बसले.

हा निकाल न्यायाचाच होता असें माझें मत आहे. पण तो कशाच्या बळावर मिळाला तें ध्यानांत घ्या. हिंदुस्थानतर्फे जो दावा मांडला गेला, त्यांत आगगाडीचा रस्ता होता, गिरण्या होत्या; पण त्याचें खरें वजन माणसांचें होतें. हातउद्योगांतले कामकरी धरून उद्योग, खाणी व वाहतूक यांत दोन कोटींवर माणसें. स्वतःच्या मालकीची जमीन कसणारे सोडून सुमारे दोन कोटी ऐंशी लाख शेतमजूर. आणि सुमारे एक लाख एकेचाळीस हजार खलाशी. म्हणजे मंडळी, जो विणकर अश्वशक्तीच्या मापांत शून्य होता, तोच दावा जिंकतांना एकदम मोलाचा झाला. शेतमजूर, ज्याला गांवांत पाण्याचा तांब्याहि वरून ओतत, तो जिनिव्याच्या तागडींत मण मण भरला.

मग जागा मिळाल्यावर त्याला काय मिळालें?

वॉशिंग्टनच्या परिषदेनें कामाच्या तासांचा ठराव केला. सर्वसाधारण नियम दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. हिंदुस्थानसाठीं वेगळें कलम घातलें, आठवड्याला साठ तास. आणि तेंहि त्या वेळच्या फॅक्टरी कायद्याखालीं येणारे कारखाने, खाणी व रेल्वेच्या कांहीं शाखा यांपुरतेंच. १९२२ सालीं हिंदुस्थानांत फॅक्टरी कायदा सुधारला. साठ तासांची मर्यादा आली, बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत बंदी आली. हा फायदा खरा होता, तो नाकारण्याचें कारण नाहीं. गिरणींत राबणारे भाऊ आपलेच होते. पण कायदा कोणाला लागू? वाफेवर अगर विजेवर चालणाऱ्या आणि वीस माणसें राबणाऱ्या कारखान्याला. ज्या घरांत नवरा माग टाकतो, बायको कांडी भरते आणि पोर वशारण करतें, तें घर कायद्याच्या बाहेर. मोजतांना आंत, देतांना बाहेर.

शेतकऱ्याची गोष्ट तर आणखी मौजेची आहे. संघटनेनें १९२१ सालीं शेतमजुरांविषयीं ठराव करावयास घेतले, तेव्हां फ्रान्स सरकारनें हरकत घेतली कीं, तहांत ‘उद्योग’ हा शब्द आहे, त्यांत शेती कशी येईल? प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे गेला. १२ ऑगस्ट १९२२ रोजीं न्यायालयानें मत दिलें कीं, शेतमजुरांची स्थिति हा विषय संघटनेच्या अधिकारांत येतो. तह समग्र वाचावा लागतो. मधलेच शब्द उपटून काढले तर त्यांचे दोन दोन अर्थ होतात, असा त्या मताचा आशय. मात्र त्याच दिवशीं दुसऱ्या मतांत हेंहि सांगितलें कीं, शेती कशी करावी, पीक कसें वाढवावें हा संघटनेचा विषय नव्हे. माणूस तिच्या कक्षेंत, पीक कक्षेबाहेर. हा भेद मला पटतो.

शेतमजुरांना कारखान्यांतल्या कामकऱ्यांइतकाच संघ करण्याचा हक्क असावा, असा करार १९२१ सालीं झाला होता. हिंदुस्थान सरकारनें तो १९२३ सालीं मान्य केला. कागदावर मान्य केला, असें म्हणा. कारण त्यानंतर बावीस वर्षांनीं, ह्याच आपल्या तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत, उंबरगांव आणि डहाणू तालुक्यांतला वारली सावकाराच्या व जमीनदाराच्या घरीं वेठीनें राबत होता. लग्नाच्या कर्जापायीं नवराबायको दोघें जन्मभर बांधलीं जात होतीं. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर आणि किसानसभेची मंडळी तेथें गेलीं, वारली उठला, तर त्याच्या जमावावर तलवाड्याला गोळ्या झाडल्या गेल्या व माणसें मेलीं. आज त्यांतला डहाणू तालुका आणि आपला वसई तालुका एकाच पालघर जिल्ह्यांत आहेत. तेव्हां ही परक्या गांवची गोष्ट नव्हे. जिनिव्याला जी दोन कोटी ऐंशी लाखांची रास दाखविली, त्या राशींतलाच तो एक दाणा होता.

तुम्ही विचाराल, मग कामकऱ्यांचा म्हणून जो प्रतिनिधि जात असे, तो काय करीत होता? येथें तहाचे आणखी कांहीं शब्द पाहिले पाहिजेत. कलम ३८९ म्हणतें कीं, सरकारनें कामकऱ्यांचा प्रतिनिधि नेमतांना, देशांत ज्या सर्वांत अधिक प्रातिनिधिक संघटना असतील त्यांच्या संमतीनें नेमावा. आणि मध्येंच तीन शब्द टाकले आहेत, ‘अशा संघटना असल्यास’. नसल्यास काय? नसल्यास सरकार मुखत्यार. १९१९ सालीं मद्रासेस मजूर संघ निघालेला होता, पण सबंध देशाची अशी संघटना नव्हती. सरकारनें मुंबईचे नारायण मल्हार जोशी यांना नेमलें. जोशी कामाचे गृहस्थ. मजुरांच्या प्रश्नांत त्यांनीं पुढें उभें आयुष्य घातलें, तेव्हां त्यांच्या जातीकडे बोट दाखविणें मला पसंत नाहीं. पण त्यांना गिरणगांवानें निवडलें नव्हतें, सरकारनें नेमलें होतें, हें खरें. ‘असल्यास’ या शब्दाची ती करामत. म्हणूनच पुढल्या वर्षीं, ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं, मुंबईंत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. जिनिव्याला माणूस पाठवावयाचा तर मागें संघटना हवी, हें तिच्या जन्माचें एक मोठें कारण होतें. तिच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे काका बॅप्टिस्टा १९२४ सालीं कामकऱ्यांचे प्रतिनिधि म्हणून जिनिव्याला गेले. त्यांच्या वडिलांचें गांव वसईच्या खाडीपलीकडचें उत्तन. तेव्हां आपल्या किनाऱ्याचा माणूस तेथवर पोंचला होता.

‘सर्वांत अधिक प्रातिनिधिक’ म्हणजे कोण, यावरहि हेगच्या न्यायालयापुढें खटला झाला. त्या न्यायालयानें दिलेलें तें पहिलेंच मत. हॉलंडांत कामकऱ्यांच्या संघांचे चार पांच मोठे मेळ होते. सर्वांत मोठा समाजवाद्यांचा, सुमारे दोन लाख अठरा हजार सभासदांचा. कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट आणि तटस्थ असे दुसरे तीन. प्रत्येक त्याहून लहान, पण तिघे मिळून दोन लाख ब्यायशीं हजार. सरकारनें १९२१ सालीं तिघांच्या संमतीनें माणूस पाठविला. मोठा संघ म्हणाला, सर्वांत मोठा मी, तेव्हां माझ्या संमतीवांचून नेमणूक रद्द. ३१ जुलै १९२२ रोजीं न्यायालयानें सांगितलें कीं, कलमांत ‘संघटना’ हा शब्द अनेकवचनी आहे. एकटा मोठा आहे म्हणून दुसऱ्यांना गाळतां येत नाहीं. संख्या हें महत्त्वाचें माप खरें, पण एकमेव माप नव्हे. नेमणूक कायम झाली.

एका अनेकवचनानें सारा निकाल फिरला. मला हें मत योग्य वाटतें. गांवांतल्या एका दांडग्या घराण्यानें सगळ्या गांवाच्या नांवानें बोलावें, यापेक्षां तीन लहान घरांनीं एकत्र येऊन बोलावें हें बरें. पण त्या सगळ्या हिशेबांत मोजलीं गेलीं तीं वहींत नोंदलेलीं माणसेंच. ज्याचें नांव कोणत्याहि संघाच्या वहींत नाहीं, त्याचा पत्ता दोन्ही बाजूंच्या हिशेबांत नव्हता.

आपल्यापैकीं जाणत्यांना ह्यावरून नारायण मेघाजी लोखंडे आठवतील. ठाण्याला जन्मलेले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८४ सालीं त्यांनीं मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. १८९० सालीं गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. पण त्यांच्या संघाला सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता, छापील नियम नव्हते. व्हर्सायचें कलम त्यांच्या हयातींत असतें, तर एखाद्या चतुर वकिलानें म्हटलें असतें, ही संघटनाच नव्हे! जो माणूस हजारोंच्या पोटांतलें बोलत होता, तो कलमाच्या भाषेंत कोणाचाच प्रतिनिधि ठरला नसता.

वही किती चालते याचा आणखी एक दाखला देतों. तो अर्नाळ्याच्या आणि पाचूबंदरच्या कोळी बांधवांना लगेच समजेल. होडी कोणाची? जिच्यावर ज्याच्या नांवाची नोंद त्याची, कीं जिच्यांत ज्याचा पैसा त्याची? १९५९ सालच्या जानेवारींत लंडन येथें जगाच्या जहाजविषयक संघटनेनें सागरी सुरक्षिततेची चौदा जणांची समिति निवडली. तहांत लिहिलें होतें कीं, त्यांतले निदान आठ हे सर्वांत मोठे जहाजमालक देश असले पाहिजेत. नोंदलेल्या जहाजांचा भार पाहिला तर लायबेरिया तिसरा आणि पनामा आठवा. पण दोघांनाहि मतें देऊन पाडलें. बाकीचे म्हणाले, हीं जहाजें नांवालाच तुमचीं, पैसा अमेरिकन आणि ग्रीक धन्यांचा. प्रश्न हेगला गेला. ८ जून १९६० रोजीं न्यायालयानें नऊ विरुद्ध पांच मतांनीं सांगितलें कीं, समितीची रचना तहाला धरून नाहीं. ‘मोठे जहाजमालक’ याचें माप नोंदलेला भार हेंच. आणि जेथें ‘असले पाहिजेत’ म्हटलें आहे, तेथें मत देणाऱ्यांना आपल्या मर्जीनें गाळण्याची मुभा नाहीं. ज्या धन्यांनीं कर चुकविण्यासाठीं दुसऱ्याचें निशाण लावलें, त्यांच्या पथ्यावर हा निकाल पडला असें कोणी म्हणेल. मला वाटतें न्यायालयापुढें दुसरा मार्ग नव्हता. तपासून पाहतां येईल असें माप तेवढेंच होतें.

आतां आजचें सांगतों. मजूर संघटनेच्या नियामक मंडळावर आज छप्पन्न जण आहेत: अठ्ठावीस सरकारांचे, चौदा मालकांचे, चौदा कामकऱ्यांचे. न निवडतां बसणारे देश आठांचे दहा झाले आहेत, आणि भारत त्यांत आहेच. १९८६ सालीं ह्या राखीव जागाच काढून टाकणारी दुरुस्ती परिषदेनें मंजूर केली. पण ती अंमलांत येण्यास दोनतृतीयांश देशांची मान्यता हवी, आणि त्यांत त्या दहांपैकीं पांच हवेत! ज्यानें खुर्ची सोडावयाची त्याच्याच हातीं किल्ली. २०२४ सालापर्यंत तरी ती दुरुस्ती अंमलांत आली नव्हती. कलमाचा जुना शब्द, प्रमुख औद्योगिक महत्त्व, अजून जागच्या जागीं आहे.

कामकऱ्यांच्या प्रतिनिधीचें कलमहि जवळजवळ तेंच आहे. देशांतल्या मोठ्या कामगार संघांचे सभासद किती, याची पडताळणी सरकार करतें. त्या वह्यांत निर्मळ, गास, वाघोली, भुईगांव येथील किती नांवें सांपडतील? गवंडी, सुतार, फुलें खुडणाऱ्या बायका, बावखलाचें पाणी ओढून वाडी शिंपणारे गडी? मोजदाद मात्र आपली पुन्हां झालेली आहे. २०२१ च्या ऑगस्टांत सरकारनें असंघटित कामकऱ्यांची ई-श्रम नोंद सुरू केली. तींत तीस कोटींवर नांवें चढलीं आणि त्यांत सर्वांत मोठा वांटा शेतीकाम करणाऱ्यांचा. सरकारच्या वहींत नांव असणें चांगलें, मी तें काढून टाका म्हणत नाहीं. पण ती नोंद सरकारची, संघाची नव्हे. तिच्या बळावर तुमच्या संमतीवांचून कोणी नेमला, तर तुम्हांला ‘आमची संमति घेतली नाहीं’ असें म्हणतां येणार नाहीं. कलम संघटनेची संमति मागतें, यादीची नव्हे.

म्हणून आज येथें एक कोरी वही ठेवली आहे. तींत नांव, गांव, धंदा आणि वर्गणी अशीं चार घरें आंखलीं आहेत. धंद्याच्या घरांत ‘शेती’ एवढेंच लिहूं नका; दुसऱ्याच्या वाडींत मजुरीनें जातां तर ‘शेतमजूर’ लिहा, स्वतःची वाडी असून हंगामांत मजुरी करतां तर दोन्ही लिहा, कारण १९२२ सालच्या दाव्यांत जमीनवाला गाळून मजूर वेगळा मोजला होता आणि तो भेद अजून विचारला जातो. सुतारानें ‘सुतार’ लिहावें आणि हाताखालीं किती माणसें तेंहि लिहावें. बायांनीं आपलें नांव नवऱ्याच्या नांवाखालीं न घालतां स्वतःच्या ओळींत घालावें. फुलें खुडणें, भाजी जुड्या बांधणें, केळीं सुकवून सुकेळीं करणें हा धंदाच आहे. वर्गणी चार आणे असो कीं चार रुपये, तिची पावती घेतल्याशिवाय घरीं जाऊं नका. पावती नसली म्हणजे सभासद नाहीं, असें म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांच्यासाठीं शाळेंतलीं दोन मुलें दिव्याजवळ बसलीं आहेत.